बायनाबाईच्या हाताची मोटार

रायभान मास्तर शहागडच्या शाळेवर आले आणि आठ दिवसांत गावाने त्यांचं नाव ठेवलं, मेंढरांचे मास्तर. नाव ठेवायला गावाला खर्च थोडाच येतो! बाप जन्मभर मेंढरांमागे हिंडलेला, आई बायनाबाई अजून शाळेच्या ओसरीवर बसून लोकर कातायची. मास्तरांना त्याचं वाईट वाटायचं, पण बोलून दाखवायचे नाहीत. नोकरी हंगामी होती. दसऱ्यानंतर शाळा तपासायला निजाम सरकारचे साहेब येणार, त्यांनी वहीत चांगला शेरा मारला तर मास्तर कायम, नाहीतर पुन्हा मेंढरं.

अशा माणसाने मान खाली घालून पाढे घोकून घ्यावेत की नाही? पण मास्तरांना एक खोड होती. दिसेल त्या वस्तूपुढे उभं राहायचं आणि विचारायचं, हे असंच का? रहाटाला दात किती, नावेचं बूड गोल का. उत्तर मिळेपर्यंत त्यांना अन्न गोड लागत नसे.

त्यात भाद्रपदात एक मोटार येऊन शाळेसमोरच्या लिंबाखाली बंद पडली. जालन्याहून उतारू आणणारी भाड्याची मोटार होती. मागचा आस मोडला होता, नवा जालन्याहून यायला तीन दिवस लागणार होते. ड्रायव्हर बद्रीनाथ बाजेवर आडवा झाला आणि मास्तर मोटारीखाली शिरले. वर आले ते तोंड काळं करून, पण डोळे लकाकत होते.

वर्गात येऊन ते म्हणाले, "पोरांनो, आपण हीच मोटार बनवायची. ज्वारीच्या धाटाची. पण पोळ्याच्या बैलासारखी अंदाजपंचे नाही, मापात! कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. खऱ्या मोटारीत जिथं एक हात, तिथं आपल्या मोटारीत एक बोट रुंदी."

त्रैराशिक म्हटलं की पोटात दुखणारी ती पोरं अशी धावली की बद्रीनाथ दचकून उठून बसला. कारभारी पाटलांचा धर्मराज चांगला लांब हाताचा, त्याने लांबी मोजली. साळू सगळ्यांत चिमुरडी, तिने रुंदी मोजली. आकडे फळ्यावर चढले. मग ज्याच्या हाती जे धाट आलं ते त्याने आपल्या बोटाने मोजून कापलं. चिपाडांचा सांगाडा, आत धाटाच्या गाभ्याचं मऊ भेंड, बाभळीच्या काट्यांचे खिळे, चिकणमातीची चाकं.

दुसऱ्या दिवशी सगळं जोडायला घेतलं आणि मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. करायला गेले गणपती नि झाला मारुती! टप बाहेर लोंबतोय, दारं एकमेकांवर चढलीत. साळूच्या चिमुकल्या हाताने रुंदी भरली पाच हात, आणि पाच बोटं कापली धर्मराजाने, आपल्या जाडजूड बोटांनी.

नेमके तेव्हाच कारभारी पाटील दारात उभे.

"मास्तर, मेंढरं मोजनं येगळं न् मोटार मोजनं येगळं," ते म्हणाले. "पोरांचा अभ्यास बुडवून खेळणी करून राह्यले तुम्ही. साहेब आले की मी सांगनार हाये."

पाटील गेले. मास्तर ओसरीवर आईजवळ येऊन बसले. हिशेब तर चोख होता, मग चुकलं कुठं?

बायनाबाई घोंगडीच्या दोन पट्ट्या जोडत होती. मान वर न करता म्हणाली, "किती हातांनी मोजली रं?"

"सगळ्यांनी मोजली, माय."

"मंग कशी जुळंल? म्या एक पट्टी माझ्या हातानं मोजली न् दुसरी जावंच्या हातानं, तर घोंगडं वाकडंच व्हनार की. एक घोंगडं, एक हात."

मास्तर उठले ते ताडकन. जन्मभर या हाताची घोंगडी पांघरली होती आणि एवढी गोष्ट कधी विचारली नव्हती. आधी त्यांना स्वतःचीच लाज वाटली आणि मग इतका आनंद झाला की त्यांनी आईचा हातच धरला. "माय, हाच हात दे मला!"

शेवरीची काठी बायनाबाईच्या हाताएवढी तोडली. तिच्या बोटाने मोजून चाकूने खाचा पाडल्या. बरोबर चोवीस बसल्या. मोजायचं ते अख्ख्या काठीने, कापायचं ते एका खाचेने. तिसऱ्या दिवशी नवा आस आला. बद्रीनाथ तो बसवत होता तोवर पोरांनी मोटार पुन्हा मोजली, धाटं नव्याने कापली, आणि संध्याकाळी ज्वारीची मोटार वर्गात चालू लागली.

दसरा झाला आणि साहेब आले, बद्रीनाथच्याच मोटारीतून. पाटलांनी आधीच कान भरले होते. साहेबांनी मेजावरची मोटार उचलली.

"ये क्या है, मास्तर? खिलौना?"

मास्तरांनी शेवरीची काठी मेजावर ठेवली. "माप आहे, साहेब. काहीही विचारा."

साहेबांनी धर्मराजाकडे बोट केलं. "पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत, असल मोटार किती?"

धर्मराजाने लहान मोटारीला काठी लावली. "सहा खाचा. म्हंजी सहा हात."

साहेब बाहेर गेले, बाह्या सारल्या आणि स्वतःच्या हाताने मोजलं. साडेपाचही भरेनात. पाटील खाकरले. मास्तरांनी डोळे मिटले.

"साहेब, तुमचा हात न्हाई चालत," धर्मराज बापासमोर खणखणीत आवाजात म्हणाला. "ही मोटार बायनाआजीच्या हाताची हाये."

त्याने काठी साहेबांच्या हाती दिली. साहेबांनी ती टोकाला टोक टेकवत नेली. सहाव्यांदा तिचं टोक आलं ते मागच्या चाकाच्या बरोबर मधोमध. साहेब काठीकडे बघत राहिले, मग ओसरीवरच्या म्हातारीकडे. तिची लोकर कातायची चाती थांबली नव्हती. आत येऊन त्यांनी शेरा लिहिला, मास्तरांना कायम करावे. वाचताना मास्तरांना अक्षरं नीट दिसेनात.

चार दिवसांनी कारभारी पाटील शाळेच्या पायरीशी आले. वर चढले नाहीत. गोठ्याचं नवं आढं टाकायचं होतं आणि दोन सुतारांची मापं जुळत नव्हती.

"बायनाबाई," ते म्हणाले. आजवर त्यांनी तिला नावाने कधी हाक मारली नव्हती. "तुमचा हात द्या जरा."

बायनाबाईने काठी पुढे केली. "न्या. पन सांजच्याला बराबर आनून द्या, पाटील. लेकरांचा हाये त्यो."