दिवेलागणीनंतरचं भाडं

यवतमाळातली खोली सोडायच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, घरमालकांनी माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. डिपॉझिट पाच हजार. खाली लिहिलं होतं, "उशिराचे – १७००". परत मिळणार होते तीन हजार तीनशे.

सोमवारी मला पुसदला नव्या नोकरीवर हजर व्हायचं होतं. तिथली खोली बघून ठेवली होती, आणि तिचंही डिपॉझिट पाच हजारच होतं. माझी धाकटी बहीण माझ्याबरोबर येणार होती, अकरावीसाठी. नेरजवळच्या आमच्या तांड्यावरून शिकायला बाहेर पडणारी घरातली ती दुसरी. पहिली मी. त्या पाच हजारांवर तिचं येणं अवलंबून होतं, कारण खोली सोमवारपर्यंतच धरून ठेवू असं तिथल्या मालकीणबाईंनी बजावलं होतं.

मी घरमालकांना काका म्हणत असे. ते अंगणात खुर्चीवर बसले होते.

"काका, हे उशिराचे म्हणजे कसे?"

"उशिराचे म्हंजे उशिराचे. पाच तारखेपर्यंत भाडं द्याचं ठरलं होतं ना आपलं?"

"हो. पण एका दिवसाचे किती धरलेत?"

"जसा उशीर, तसे लावले. आता तू मले हिशेब शिकोतं काय वं पोरी? बी.कॉम. झाली म्हून?"

ते हसत बोलत होते, पण चिठ्ठी तशीच होती. मी म्हटलं, "शिकवत नाही काका. मला समजून घ्यायचं आहे."

ते उठले आणि आत खिळ्याला एकावर एक अडकवलेली कॅलेंडरं घेऊन आले. गॅस कधी आला, दूध किती घेतलं, भाडं कोणत्या तारखेला मिळालं, सगळं ते कॅलेंडरवरच लिहीत. मी पानं उलटत गेले. उशिराच्या सहा नोंदी होत्या. कुठे दोनशे, कुठे तीनशे, कुठे साडेतीनशे. या दोन वर्षांत त्याबद्दल त्यांनी मला एकदाही सांगितलं नव्हतं.

मग माझ्या लक्षात आलं. सहाही नोंदी नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारीच्या होत्या. उन्हाळ्यात, पावसाळ्यात एकही नाही.

मी शहराबाहेर लोहारा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामाला होते. पगार चार-पाच तारखेला होई. मोबाइलवर आलेले पैसे काकांना नको असत, म्हणून मी एटीएममधून नोटा काढून सव्वासहाला घरी पोचत असे. उन्हाळ्यात तेव्हा उजेड असे. थंडीत मात्र फाटकातून आत येईपर्यंत काकूंचा तुळशीपाशी दिवा लागलेला असे. काका आत बातम्या बघत असत आणि काकू मला अंगणातच अडवत.

"दिवे लागल्यावर हातातली लक्ष्मी देऊ नये पोरी. तुह्याच घरातून जाते ते. नंतर दे."

सकाळी सातला माझी बस असे आणि काका फिरायला गेलेले असत. भाड्याच्या पैशाला काकू हात लावत नसत. मग भाडं द्यायला रविवार उजाडे. तांड्यावर आम्ही असं काही पाळत नव्हतो. पैसा आला की याडी, म्हणजे माझी आई, ज्याचा त्याला लगेच देऊन मोकळी होई. पण मला वाटलं, शहरातल्या घरांची रीत अशीच असेल. काकूंना सगळं कळतं, मला कळत नाही. मी मान हलवून खोलीत जायचे.

आता हे बोलायचं कसं? मला टायफॉइड झाला तेव्हा पंधरा दिवस मऊ भात याच बाईंनी खोलीत आणून दिला होता. त्या दारात उभ्या होत्या. बोलले तर त्यांच्या नवऱ्यासमोर दोष त्यांच्यावर जाणार होता. नाही बोलले तर बहीण घरीच राहणार होती.

मी एवढंच म्हणाले, "काका, हे सगळे थंडीचे महिने आहेत."

"मंग? थंडीत तुहा पगार गोठते काय?"

मी कॅलेंडरवरच्या डिसेंबरच्या नोंदीवर बोट ठेवलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या पानाकडे. पायरी उतरून खाली आल्या.

"अहो, ते पैसे घेऊन येत होती. मीच वापस पाठोवली तिले. दिवे लागले म्हून."

"दर बारीले?"

"दर बारीले."

काकांनी कॅलेंडर स्वतःकडे ओढून ते पान पाहिलं. मग म्हणाले, "मले काहून नाही सांगितलं?"

"भाडं येतच होतं ना. त्यात सांगाचं काय?"

तेव्हा मला राहवलं नाही. "काका, मागच्या जानेवारीचा उशीर मात्र माझाच होता. मी तांड्यावर गेले होते, पैसे बरोबर घेऊन. ते साडेतीनशे धरा. तेवढ्यांची सोय मी करीन."

त्यांनी मान वर न करता सतराशेवर काट मारली आणि साडेतीनशे लिहिले. "तुही लक्ष्मी मले चांगली महाग पडली," असं काकूंना म्हणत ते पैसे आणायला आत गेले.

उजेड उतरला होता. शेजारच्या घरात दिवा लागला. काकू तुळशीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. वात तेलात भिजलेली होती, काडेपेटी हातात होती. काकांनी नोटा एकदा मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"झालं काय?" काकूंनी विचारलं. "उशीर होऊन राह्यला."

चार हजार सहाशे पन्नास. नोटा माझ्या हातात आल्या, मी त्या पर्समध्ये ठेवल्या, चेन लावली. ते सगळं होईपर्यंत काकू माझ्याकडे बघत थांबल्या होत्या. मग त्यांनी काडी ओढली.