सोड म्हटल्यावर

देवकीला मासे कधी आवडले नाहीत. खायला नाहीत, पाहायलाही नाहीत. तरी गेल्या दिवाळीनंतर ती इतवारीतल्या एका दुकानात उभी राहून मासेमारीचं रीळ निवडत होती, आणि तिच्या डोक्यात मासा नव्हता, भाऊ होता.

ती खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत राहते. नवरा चंद्रभान केंद्रात पाळीवर जातो. ही घरी साड्यांना फॉल-पिको करते. रीळ म्हटलं की तिच्या घरात दोऱ्याचं. भिंतीवरच्या फळीवर रंगवार मांडलेली रिळं आणि त्यांच्यावर राखेचा पातळ थर. तो ती रोज पुसते, रोज तो परत येतो. तिच्या मनावरही काही गोष्टी अशाच बसल्या आहेत. त्या ती पुसत नाही.

लहानपणी ही भावंडं नागपूरच्या महाल भागात राहत. संक्रांतीला पतंग श्रीधर उडवायचा आणि चक्री देवकी धरायची. मांजा गुंडाळलेली लाकडी चक्री पंजांत सैल धरायची, भावानं ढील दिली की फिरू द्यायची, त्यानं ओढलं की गुंडाळायची. गल्लीतल्या सगळ्या बहिणी हेच करत. आकाश त्यांना भावाच्या खांद्यावरून दिसे.

एका संक्रांतीला समोरच्या गच्चीवरच्या काळ्या पतंगाशी पेच लागला. साऱ्या गल्लीच्या माना वर होत्या. श्रीधर ओरडला, "सोड!" आणि देवकीनं सोडली. मांजा नव्हे, चक्रीच. ती कठड्यावरून खाली नालीत गेली, पतंग गेला, गच्च्यागच्च्यांवर 'ओ काट' झालं. सोड म्हणजे ढील दे, हे तिला कळायला हवं होतं. तिला वाटलं, मांजा त्याचा हात कापतो आहे. ऐकलं तेवढं तिनं केलं.

खाली आईनं विचारलं तेव्हा श्रीधर म्हणाला, मी काही बोललोच नाही, हिनंच सोडली. लाउडस्पीकरच्या गोंगाटात दुसऱ्या कुणी ऐकलं नव्हतं. आईनं मुलाचं खरं मानलं.

हे तिथंच संपायला हवं होतं. पण त्या दिवशी घरात एक वाक्य जन्माला आलं आणि ते देवकीबरोबर मोठं झालं. देवकीच्या हाती देऊ नका, सोडते ती. दुधाचं पातेलं असो, श्रीधरची तान्ही मुलगी रितिका असो, लग्नघरातला दागिन्यांचा डबा असो. कुणीतरी ते वाक्य म्हणायचं आणि सगळे हसायचे. तीही हसायची. मग आई आजारी पडली. दवाखान्यात आईजवळ थांबायचं म्हणून देवकी कपड्यांची पिशवी घेऊन गेली, तर श्रीधरनं तिला व्हरांड्यातच अडवलं.

"तू घरी जा वं. आईले सांभाळाचं आहे, चक्री नाही."

बाकावरचे नातेवाईक हसले. आई गेली तेव्हा देवकी खापरखेड्याच्या बसमध्ये होती, पिशवी मांडीवर घेऊन. त्यानंतर त्या वाक्यावर ती हसली नाही. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

श्रीधर कोराडीच्या वीज केंद्रातून चांगल्या हुद्द्यावरून निवृत्त झाला आणि हिमाचलच्या एका सहलीतून नवा नाद घेऊन आला. फ्लाय फिशिंग. पिसांची खोटी माशी गळाला बांधायची, लवचीक काठीनं जाड दोरी हवेत मागेपुढे झुलवायची आणि माशी पाण्यावर अलगद टेकवायची. काटोल रोडकडे एका मित्राच्या ठेक्यातला तलाव होता. थंडीतल्या रविवारी घरचे सगळे डबे घेऊन तिथं जात आणि श्रीधरला मासे पकडताना पाहत. मुलगा अश्विन यानं त्याला नवी काठी आणि महागडं रीळ घेऊन दिलं, तेव्हा त्यानं जुनी काठी सगळ्यांसमोर देवकीच्या हातात ठेवली.

"हे घे, हात साफ कर. रीळ नाही देत तुले. तू सोडशीन."

देवकी काठी घेऊन घरी आली. बसमध्येच तिचं ठरलं होतं. याच तलावातला मोठा मासा, मरळ, ती पकडणार, आणि श्रीधर गुडघाभर पाण्यात हातजाळी घेऊन उभा राहणार. दोरी हिच्या हातात, जाळी त्याच्या. आयुष्यभर ती त्याच्या मागे उभी होती. एकदा त्यानं तिच्या पुढं, खाली, ओला होऊन उभं राहावं.

त्यासाठी रीळ हवं होतं, आणि फॉल-पिकोतून जेवढे पैसे बाजूला पडतात तेवढ्यात बसणारं हवं होतं. इतवारीतल्या नत्थूजींच्या दुकानात संक्रांतीला पतंग-चक्र्या मिळत आणि एरवी गळ, दोर, जाळी. हल्ली काही हौशी पोरं विचारतात म्हणून त्यांनी माशीच्या काठीची चार रिळं आणून ठेवली होती. देवकीनं एकेक कानाशी धरून टिचकी मारली. जे सर्वांत मोकळं आणि सर्वांत जास्त वेळ फिरलं, ते उचललं. चक्री अशीच निवडतात. नत्थूजींनीही मान डोलावली, म्हणाले, वा, चक्रीसारखं पळते.

दोघंही चुकले होते. वसाहतीच्या मैदानावर देवकीनं दोरी एका झाडाला बांधली, पाठ फिरवून झटक्यात पळाली, तर रीळ दोरीच्याही पुढं धावलं. आतल्या आत वेटोळी चढली आणि असा गुंता झाला की तो सोडवता सोडवता तिचा चहा थंड झाला. पाण्याच्या टाकीजवळून शेजारीण इंदुताई ओरडली, "डास मारून राहिली का वं काठीनं?" देवकी गुंता सोडवत राहिली. तिला कळलं होतं, चक्रीला ढील माणूस देतो. इथं ढील मासा घेतो, आणि किती घ्यायची ते रिळाच्या ब्रेकनं ठरवायचं असतं. मोकळं फिरणं हा इथं गुण नव्हता. सारखं, न अडखळता, धरून धरून सोडणं हा गुण होता.

ती परत गेली आणि उरलेली तिन्ही रिळं परत करायच्या बोलीवर घरी आणली. क्वार्टरच्या गच्चीवरून दोरीला पाण्याची बादली बांधून खाली सोडू लागली. प्लॅस्टिकचं रीळ आधी अडलं, मग एकदम सुटलं. बादली हिसक्यानं गेली आणि दोरीच्या टोकाचा बारीक धागा तटकन तुटला. खालून जाणारा चंद्रभान भिजला आणि तसाच ड्यूटीवर गेला. दुसऱ्याचा ब्रेक बरा होता, पण आतली फिरकी लटपटत चौकटीला घासत होती. तिसरं ॲल्युमिनियमचं, जुना माल, कडेला ओरखडे. त्यावरून बादली पाळण्यातल्या पोरासारखी खाली उतरली. कुठंही घट्ट नाही, कुठंही सैल नाही. ती तिन्ही रिळं तिनं रात्रभर गच्चीवर उघडी ठेवली, खापरखेड्याची राख खाऊ दिली. सकाळी पहिल्या दोन्हींत कचकच होती. तिसरं होतं तसंच फिरलं.

त्याची किंमतही कमी होती, कारण त्यात एक खोड होती. ब्रेकचा खटका फिरवला की कट् कट् असा मोठा आवाज होई. नत्थूजींनी ते आधीच सांगून टाकलं, दूरपर्यंत ऐकू जाते म्हणाले.

"जाऊ द्या," देवकी म्हणाली. "मले काही लपवाचं नाही."

हिवाळाभर ती मैदानावर दोरी झुलवायला शिकली. लाल फॉलचा दोरा आणि कोंबडीची पिसं घेऊन माश्या बांधल्या. गळाच्या टोकाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून सपाट केला, श्रीधर तसं करतो हे पाहून. अशा गळातून मासा लवकर सुटतो, पण दोरी ताणलेली असेपर्यंत सुटत नाही.

संक्रांतीनंतरच्या रविवारी सगळे तलावावर होते. श्रीधरच्या माशीला सकाळपासून काही लागलं नव्हतं. देवकी त्याच्यापासून थोडी दूर, बेशरमीच्या झुडपांजवळ उभी राहिली. लाल माशी पानवेलींच्या कडेला टेकली, पाणी फुगलं आणि फुटलं. काठी वाकली. मरळ वेलींकडे धावली आणि रिळानं तिला बादलीसारखं धरून धरून जाऊ दिलं, धरून धरून आणलं. डबे तसेच टाकून सगळे काठावर आले. मासा मोठा होता, मांडीएवढा, श्रीधरनं आजवर काढलेल्या कुठल्याही माशाहून मोठा.

"दादा," देवकी मागे न बघता म्हणाली, "जाळी घे."

तो काहीतरी बोलणार होता. पण सगळे त्याच्याकडे पाहत होते. त्यानं पँट गुडघ्यापर्यंत वर केली, हातजाळी घेतली आणि पाण्यात उतरला. बस, एवढंच तिला हवं होतं. ते मिळालं, आणि मिळाल्याबरोबर कमी वाटलं. तिच्यासमोर भावाची पाठ होती. ती तिला फार ओळखीची होती.

जाळी पाहून मरळीनं शेवटची उसळी घेतली, काठी पार पाण्याला टेकली. श्रीधर घाबरून ओरडला.

"सोड! देवके, सोड!"

त्याचा अर्थ तिला पुरता ठाऊक होता. थोडी ढील दे. ती देण्याचीही गरज नव्हती, ते काम रीळ आपलं आपण करत होतं. देवकीनं खटक्यावर बोट ठेवलं. कट् कट् कट् कट्. ब्रेक शेवटपर्यंत सैल. दोरी लुळी पडली, मरळीनं एकदा डोकं झटकलं आणि पाणी मिटलं. लाल माशी वर येऊन तरंगू लागली.

काठावरून रितिका कळवळून म्हणाली, "आत्या, काहून सोडली?"

"तुझे बाबा म्हणाले सोड."

"हो, म्हणाले," रितिका म्हणाली. "आम्ही सगळ्यांनी ऐकलं." अश्विननंही मान हलवली, म्हणाला, बाबा, तुम्हीच तर ओरडले.

श्रीधर रिकामी जाळी घेऊन पाण्यात उभा होता. त्यानं खटक्याचा आवाज ऐकला होता. तो कशाचा, हे काठावरच्या कुणाहीपेक्षा त्याला चांगलं कळत होतं. "थोडी सोड म्हणालो," तो म्हणाला. "थोडी."

"थोडी नाही म्हटलं, दादा. सोड म्हटलं." देवकीचा आवाज चढला नाही. "दोन्ही वेळा."

दुसरी वेळ कुठली, हे कुणी विचारलं नाही. मुलं मरळीचं माप हातांनी दाखवत डब्यांकडे परतली. ज्या एका बाईनं हे ऐकायला हवं होतं, ती तिथं नव्हती, आणि हे देवकीला रीळ घेण्याआधीपासून माहीत होतं.

श्रीधर काठावर आला. तिनं काठी रिळासकट त्याच्यापुढं धरली.

"धर जरा. मी हात धुऊन येते."

त्यानं दोन्ही हातांनी धरली. देवकी तलावाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली, पायरीवर बसली आणि सावकाश हात धूत राहिली. तिनं वळून पाहिलं तेव्हा तो तसाच उभा होता, ओल्या पँटीनं, खटक्याला बोट लागणार नाही अशा बेतानं रीळ धरून. ती लगेच उठली नाही.