भट्टीवरचे पाच अल्बम

बेकरीच्या भट्टीपाशी घड्याळ कधीच टिकलं नाही. उष्णतेनं काटे वाकायचे नाहीतर पिठानं तुंबायचे. वडील विड्यांवर वेळ मोजत. चार विड्या झाल्या की ब्रेड बाहेर. वडील गेले, भट्टी धाकट्या मुलाकडे आली, आणि हा तर विडीच्या वासानंही शिंकायचा. म्हणून वेळ मोजायला त्यानं हेवी मेटलची गाणी लावली.

सगळी गल्ली त्याला ढणढण म्हणते. माणूस एरवी इतका मवाळ, की झुरळालाही ‘सरक जरा’ म्हणेल. पण कॅसेट सुरू झाली की कणकेच्या गोळ्यावर असा तुटून पडायचा, की त्या गोळ्याची कीव यावी. त्याच्या आवडत्या अल्बमांची यादी भिंतीवर खडूनं लिहिलेली होती. इंग्रजी नावं उच्चारताना जीभ अडखळायची, म्हणून सगळे अल्बम कव्हरवरच्या चित्रावरून ओळखायचे. पहिला कवटीवाला, दुसरा शिंगवाला, तिसरा जळत्या पुलाचा, चौथा कावळ्यांचा, पाचवा साखळदंडांचा. कवटीवाला पूर्ण वाजला की ब्रेड तयार. शिंगवाल्याची एक बाजू म्हणजे बिस्किटं. पुलाच्या तालावर कणीक मळायची. इतका चोख कारभार मोठमोठ्या कारखान्यांत नसेल.

गल्ल्यावर बसायची त्याची मोठी बहीण, ताई. वीस वर्षं ती एकच वाक्य म्हणत आली होती, “सगळं एकसारखंच. पत्र्यावर दगड!”

एके दिवशी कवटीवाल्याची फीत टेपनं गिळली. ढणढण दोन वेळा जेवला नाही. मग कुठून तरी नवी कॅसेट पैदा केली. तीच कवटी, तीच गाणी. फक्त ही भर मैदानात, हजारो लोकांसमोर वाजवलेली होती, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. चाळीस ब्रेड आत सारून त्यानं बटण दाबलं. शेवटच्या गाण्याच्या मधोमध बाकीचे वादक थांबले आणि ड्रमवाला एकटाच सुटला. तो काही केल्या आवरेना. ढणढणनं डोळे मिटले, ब्रेड ओढायचं लांब फावडं हवेत बडवायला घेतलं आणि मैदानातल्या लोकांबरोबर आरोळ्या ठोकल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला तेव्हा भट्टीतून काळा धूर येत होता.

वृद्धाश्रमाची सगळी ऑर्डर कोळसा झाली. ताईनं रागानं टेप उचलून कपाटात बंद केला आणि भट्टीपाशी किर्रर्र वाजणारा टायमर आणून ठेवला.

ब्रेड अगदी वेळेवर निघू लागला. पण कणीक मळायला ताल नव्हता. ढणढणचे हात दोनदा दाबायचे आणि विचारात पडायचे. ब्रेडमध्ये गुठळ्या येऊ लागल्या. रोजचं गिऱ्हाईक, निवृत्त पोस्टमन, म्हणाले, “ताई, तुमच्या ब्रेडला कोणी रागावलंय का हो?”

ताई आठवडाभर धुमसली. मग भावाला म्हणाली, “एक. एकच अल्बम ठेव. बाकीचे भंगारात. संध्याकाळपर्यंत सांग कुठला.”

ढणढणचा जीव टांगणीला लागला. कवटी ठेवावी तर शिंगं डोळ्यांसमोर येत. पूल सोडावा तर कणकेचं काय? शेवटी त्यानं पाचही कॅसेट गल्ल्यावर मांडल्या. डोळे भरून आले होते. “ताई, मला नाही जमत. तूच ठरव. तुला काय, सगळं एकसारखंच.”

ताईनं क्षणभरही विचार केला नाही. “कवटीवाला नको, त्यात नुसता माज आहे. शिंगवाल्याला दुसऱ्या बाजूला सर्दी झालेली वाटते. पूल बरा, पण शेवटचं गाणं उगाच ताणलंय. साखळदंडवाल्याला सूर म्हणजे काय हेच माहीत नाही. कावळ्यांचा ठेव.”

ढणढणनं आ वासला. “अगं, तो तर चौथा आहे!”

“तुझी यादीच चुकलीये. तिसऱ्या गाण्यात तो गाणारा बेंबीच्या देठापासून ओरडतो ना, तेव्हा मला फार बरं वाटतं रे. दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलून मलाही तसंच ओरडावंसं वाटतं. गल्ल्यावर बसून कसं ओरडणार?”

वीस वर्षं बहीण आपल्यासोबत ऐकत होती, आणि आपण तिला एकदाही विचारलं नाही. ढणढणला स्वतःची लाज वाटली. त्यानं टेप आणून कावळे लावले. तिसरं गाणं आलं तसा आवाज वाढवला आणि आतूनच हाक मारली, “ओरड गं ताई!”

ताई ओरडली. ब्रेड घ्यायला आलेले पोस्टमन हातातली पिशवी टाकून रस्त्यापलीकडे पळाले, आणि गाणं संपेपर्यंत काही परत आले नाहीत.