आक्काने मोडलेलं स्थळ

आमची आक्का, म्हणजे माझी आत्या, चालायला लागली की अख्खा रस्ता तिला अपुरा पडायचा. पाय एकीकडे, धड दुसरीकडे. कुणी हात द्यायला आलं की म्हणायची, "बाजूला सर रं, पडलो तर दोघंबी पडू." निपाणीत तिला ओळखत नाही असं कुणी नव्हतं.

ती विड्या वळायची. हाताला झटके येत, म्हणून कोपर गुडघ्यावर दाबून धरायची. कारखान्यातला तपासणारा तिच्या ढिल्या विड्या छाटून टाकी. "उद्या एक तरी छाटून दाखव," असं त्याला बजावूनच ती घरी यायची.

आक्काच्या वडिलांचाही, म्हणजे माझ्या आजोबांचा, तोल असाच जायचा. गल्लीने त्यांना दारुडा ठरवलं. त्यांनी थेंबाला कधी हात लावला नव्हता, तरी आजी रोज त्यांच्या तोंडाचा वास घ्यायची.

बेळगावच्या डॉक्टरांनी छडा लावला. आजार वंशातला. शिवाय रोगाशी लढायच्या अँटीबॉडीज आक्काच्या स्वतःच्याच नसांवर उठल्या होत्या. तळपाय बधिर झाले ते त्यामुळे. वंशातल्या दोषावर इलाज नव्हता, पण या दुसऱ्या दुखण्याला वेळेत आवर घालता येतो, म्हणाले. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासा, असंही बजावलं. बाबांनी ते कानाआड केलं, कारण चिकोडीचं स्थळ मला बघायला यायचं होतं.

त्या दिवशी आक्काला आतल्या खोलीत बसवून ठेवलं होतं. पोहे झाल्यावर ती भिंत धरत बाहेर आली.

"मी हिची आत्या. प्यालेली न्हाय. ह्यो आमच्या रक्तातला आजार हाय. पोरीला हाय का न्हाय, अजून बघितलं न्हाय. बघून कळवतो."

पाहुणे चहाला थांबले नाहीत. मला तिचा इतका संताप आला की महिनाभर मी तिच्याशी बोलले नाही. तिनेही माफी मागितली नाही. रोज माझ्या दारात उभी राहून एवढंच म्हणायची, "राग धर, पर रक्त दे."

शेवटी दिलं. माझ्यातही दोन्ही निघालं. दुसऱ्या दुखण्यावर औषध लगेच सुरू झालं. बाबा रडले, आक्का नाही. "लवकर घावलं," ती म्हणाली, "माझं घावलं तवा पाय गेलतं."

गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. शेवटच्या भेटीत तिने मला पाय पलंगावर घ्यायला लावला आणि थरथरत्या अंगठ्याचं नख माझ्या तळव्यात रुतवलं.

"कळतंय गं?"

"व्हय आक्का. दुखतंय."

"दुखू दे," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे रडली.