दुसऱ्याच्या गाडीची पूजा

मला लर्निंग लायसन मिळालं, पंधरा दिवस क्लासमध्ये गाडी शिकले आणि लगेच त्या रविवारी आम्ही सगळे गाडी बघायला निघालो. सगळे म्हणजे मी, आमचे हे, सासूसासरे आणि आमची लेक पुट्टी, वय तीन. सासूबाईंना मी अम्मा म्हणते आणि सासऱ्यांना अप्पा. म्हैसुरात पिढ्या गेल्यावर मराठी घरातसुद्धा असंच म्हणतात.

गाडी मी शिकायची, पुट्टीला बालवाडीत सोडायला, असं घरात ठरलेलं. माझ्या मनात दुसरंच होतं. माझी आई येलवालला एकटी राहते. लांब नाही, हुणसूर रस्त्यावरच. पण मला तिच्याकडे जायचं तर आधी ह्यांना सुट्टी पाहिजे, मग अप्पांचं "बघूया, पुढच्या आठवड्यात", मग अम्मांचा उपास, की गेलाच महिना. "मी जाते" असं मी कधी तोंडातून काढलंच नाही, भीती वाटायची. आठवीत शाळा सुटलेली, घरात सगळे शिकलेले, मी आपली मान हलवायची. पण लहानशी गाडी आली तर माझी मी जाईन, एवढंच डोक्यात होतं.

आणि अप्पांना पाहिजे होती मोठी पांढरी गाडी.

"सगळे टी. नरसीपूरला स्नानाला गेलो तर बसायला नको?" अप्पा म्हणाले.

"वर्षातून एकदा जातो की आपण," हे म्हणाले.

"मग त्या एकदाला काय टपावर बसू?"

झालं. ह्यांनी मान डोलवली, मी तर आधीपासूनच हलवत होते. मोठी गाडी आली की चालवणार हे, आणि मी मागे बसणार, पुट्टीच्या तोंडापुढे पिशवी धरून. पोरीला गाडी लागते.

सकाळपासून तीन दुकानं फिरलो. प्रत्येकाची तपासणी वेगळी. अप्पा दार उघडायचे, आपटायचे, डोळे मिटून ऐकायचे, फणस पिकला का बघतात ना, तसे. आवडला आवाज तर पुन्हा आपटायचे, म्हणजे आवडला तरी आपटणं, नाही आवडला तरी आपटणं. ह्यांना एकच प्रश्न, "मैलेज एष्टु?", मायलेज किती. विकणाऱ्यानं सांगितलं की मान डोलवायची आणि दुसऱ्या गाडीपाशी जाऊन तेच. अम्मा मागच्या सीटवर मांडी घालून बसून बघायच्या. एका नव्या गाडीत त्या अशा बसल्या की गुडघा अडकला आणि बाहेर येईनात. दुकानातली टाय लावलेली मुलगी एका हाताला, मी दुसऱ्या हाताला. "ओढू नका गं, मी काय विहिरीतली बादली आहे?" तिथेच पुट्टी ओकली. नव्या सीटवर. आम्ही "बरं, कळवतो" म्हणून जे निघालो ते पळालोच.

मला कुणी विचारलं नाही. एका मोठ्या गाडीत मात्र बसवलं. मला समोर नुसतं आकाश दिसत होतं, गाडीचं नाक कुठं संपतं तेच कळेना. अप्पा बाहेरून म्हणाले, "छान दिसते गं!" मी मान हलवली.

शेवटी हुणसूर रस्त्यावर जुन्या गाड्यांच्या एका आवारात आलो. तिथं चिंचेखाली एक लाल छोटी गाडी उभी होती, मी शिकले अगदी तशीच. मी हळूच हात लावला. पण आत पांढरी मोठी होती, अप्पांनी दार आपटलं, डोळे मिटले, आणि झालं, हे आणि अप्पा मालकाच्या खोलीत घासाघीस करायला गेले.

अम्मांना घाई सुटली. रविवारी साडेचारला राहुकाळ लागतो तो सहापर्यंत, आणि राहुकाळात आमच्याकडे नवं काही करत नाहीत, शिंकसुद्धा आवरतात. "ते आत बोलत बसतील आणि वेळ जाईल. आपण पूजा उरकू. एकदा कुंकू लागलं की गाडी आपली, मग बोलू दे किती पण." पिशवीत सगळं आणलेलंच होतं. नारळ, लिंबं, मोगऱ्याची माळ.

फाटकातच पांढरी गाडी उभी होती.

"अम्मा, हीच का? ती आत होती ना?"

"बाहेर काढून ठेवली असेल. पांढरीच म्हणाले ना? मग! मला वाकता येत नाही, तू ठेव लिंबं."

मी ठेवली, चारी चाकांखाली एकेक. अम्मांनी कुंकू लावलं, माळ घातली, आरती ओवाळली, नारळ फोडला, पाणी काचेवर शिंपडलं. पुट्टीनं टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात आतून एक दांडगा माणूस किल्ली फिरवत आला. आपल्या गाडीकडे बघितलं. खाली वाकून चाकाकडे बघितलं. आणि असा ओरडला!

"अय्यो! नन्न गाडीगे यारो माट माडिद्दारे!"

म्हणजे माझ्या गाडीवर कुणीतरी करणी केली. एवढा आडवातिडवा माणूस, पण चिंचेच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. आमची पांढरी आतच होती. ही त्याची.

हे आणि अप्पा धावत आले. अम्मा त्याला कन्नडमध्ये समजावतात की बाबा, पूजा आहे, चांगली पूजा आहे, फुकट झाली तुझी. तो ऐकेना. गाडीला हात लावणार नाही म्हणाला. ज्यानं लिंबं ठेवली त्यानंच गाडी त्यांच्यावरून न्यायची, म्हणजे जे काय असेल ते त्याच्यावर जाईल.

"यारु इट्टिद्दु?" कोणी ठेवली?

अम्मांनी माझ्याकडे बोट केलं. इतक्या पटकन केलं!

"मी नेतो," हे म्हणाले. तो नाही म्हणाला. फाटक अडलेलं, मागे दोन गाडीवाले हॉर्न वाजवताहेत, आवाराचा मालक हात जोडतोय. मग काय, बसले मी. हे बाजूला. पुन्हा तेच, समोर आकाश. चालू केली, बंद पडली. चालू केली, बंद पडली. "हळू सोड," हे. "जोरात दे!" बाहेरून अप्पा. "देवाचं नाव घे!" अम्मा. "माझी गाडी!" तो माणूस. मी डोळे मिटले, आणि गाडी हलली. पच्. पच्. मग मागची दोन, पच् पच्. मी जो ब्रेक मारला, मोगऱ्याची माळ उडून रस्त्यावर.

माणूस आला, लिंबं बघितली, खूश झाला, कुंकवाला हात लावून नमस्कार केला आणि गेला निघून.

मी रस्त्याच्या कडेला उभी, धाप लागलेली, आणि त्या धापेतच तोंडातून निघून गेलं, "अप्पा, मला मोठी नको. मला तिचं नाकच दिसत नाही. मला ती लाल पाहिजे. मला आईकडे जायचंय, माझं मला, कुणाला न विचारता."

 मला वाटलं, आता संपलं. 

अप्पांनी लाल गाडीकडे बघितलं. गेले, दार आपटलं. डबा पडल्यासारखा आवाज आला. त्यांनी तोंड वाकडं केलं, पुन्हा आपटलं. मग म्हणाले, "येलवालपर्यंत रस्ता सरळच आहे ना?"

"राहुकाळ लागला," अम्मा म्हणाल्या. "आता घ्यायची नाही."

"घेत कुठं आहे? चालवून बघतोय. सहापर्यंत इथं उभं राहून करायचं काय?"

अम्मांनी थोडा विचार केला आणि सगळ्यात आधी मागे जाऊन बसल्या, मांडी न घालता. मला एकटीला जायचं होतं, आणि चौघं भरली, हे शेजारी, मागे अप्पा, अम्मा आणि मध्ये पुट्टी. मी सायकलच्या वेगानं नेली. एक बैलगाडीवाला आम्हाला वाट देऊन कंटाळला आणि पुढे गेला.  अप्पा येणाऱ्या प्रत्येक बसला नमस्कार करत होते.

आई दारातच तांदूळ निवडत होती. सूप घेऊनच आली, खिडकीतून आत वाकून बघितलं, आधी ह्यांच्याकडे, मग अप्पांकडे.

"कोणी आणली गं गाडी?"

"हिनंच," अम्मा म्हणाल्या. "आम्ही नुसते बसलो."

आईनं माझ्याकडे बघितलं. सूप तिरकं झालं, तांदूळ सांडले.

"मग उतर ना, अशी काय बसलीस?"

"थांब गं," मी म्हटलं. "हात सुटत नाहीत."