बिनस्टॅबिलायझरची लेन्स

स्टँडकाकांना लेन्स घ्यायची होती. लांबचं जवळ आणणारी, वजनाला हलकी, दिसायला लहान आणि खिशाला परवडणारी. या चारही गोष्टी एका लेन्समध्ये नांदत नाहीत हे काकांना पुरतं ठाऊक होतं, कारण जन्मभर ते हेच इतरांना सांगत आले होते. "लांबचं हवं तर वजन उचला, हलकं हवं तर पैसे मोजा, आणि दोन्ही नको असेल तर दोन पावलं पुढं जाऊन उभे राहा," हा त्यांचा ठरलेला सल्ला. आता मात्र ती दोन पावलंच त्यांना पुढं टाकायची नव्हती.

स्टँड हे नाव त्यांना धंद्यातल्या लोकांनी ठेवलेलं. कॅमेरा ठेवायची तिपाई त्यांनी कधी वापरली नाही म्हणून. मिणमिणत्या उजेडात कोपर बरगडीला लावायचं, श्वास धरायचा आणि बटण दाबायचं. फोटोत पापणीचा केस न केस वेगळा दिसायचा. लोक आधी काकांची तारीख विचारत आणि मग हॉलची, असेही दिवस होऊन गेले. काकांना त्या स्थिर हाताचा गर्व होता, आणि का नसावा? त्यांच्याजवळ दुसरं होतं काय? स्टुडिओ म्हणजे एक खोली, तिच्यात मागं निळा पडदा, एक फिरतं स्टूल आणि आरशाखाली ठेवलेला एक कंगवा. तो कंगवा कुठल्याही गिऱ्हाइकानं कधी उचललेला नव्हता.

आणि त्या हाताला कंप सुटला होता.

सुरुवात अंगठ्यापासून झाली. मग शेजारचं बोट. मग सगळा उजवा हात रिकामा असला की आपला आपण काहीतरी मोजत बसायचा. काकांनी कप निम्मा भरून घ्यायला सुरुवात केली. बायकोला वाटलं, चहा कमी करताहेत, बरं झालं. डॉक्टरांकडे ते एकटेच गेले. डॉक्टरांनी एक लांबलचक नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि ताण घेऊ नका म्हणाले. लग्नांचे फोटो काढणाऱ्याला ताण घेऊ नको म्हणणं म्हणजे माशाला ओला होऊ नको म्हणण्यासारखंच. गोळ्यांनी झोप यायची, कंप तसाच राहायचा.

घरी एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बायकोनं डोक्याला हात लावला असता, चार दिवस रडली असती आणि पाचव्या दिवशी काहीतरी मार्ग काढला असता. पण काकांना वाटे, हे एकदा तोंडातून बाहेर पडलं की खरं होईल. माणूस असाच असतो, दुखणं झाकलं की बरं झालं असं समजतो.

एका शाळेच्या बक्षीस समारंभात मुख्याध्यापिका बाई त्यांच्या अगदी शेजारी उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "बसता का जरा? बरं नाही का तुम्हाला?" सकाळपासून काही खाल्लं नाही, असं सांगून काकांनी वेळ मारून नेली. पण घरी येताना त्यांच्या ध्यानात आलं: जवळ उभं राहिलं की लोकांना हात दिसतो. मग लांब उभं राहायचं, शेवटच्या रांगेच्या मागं, आणि लांबूनच जवळचे फोटो काढायचे, असं त्यांनी ठरवलं.

तेवढ्यावर भागलं असतं. पण लेकीचं लग्न ठरलं. व्याही भले गृहस्थ. म्हणाले, "फोटोवाली मुलं आमच्या ओळखीची आहेत, त्यांना सांगतो. तुम्ही मुलीचे वडील, तुम्ही त्या दिवशी नुसतं मिरवा."

त्यावर काका काय म्हणाले असतील? "माझ्या पोरीचे फोटो परका माणूस काढणार?"

आणि शेजारी उभी असलेली लेक मान ताठ करून म्हणाली, "बाबांसारखे कोणाला येतच नाहीत." हात दाखवून अवलक्षण करणारे पुष्कळ असतात. काकांनी ते हात न दाखवता करून घेतलं.

जुनी लांब पल्ल्याची लेन्स कपाटात होती, पण ती वरवंट्यासारखी जड. दोन मिनिटं धरली की हाताबरोबर खांदाही थरथरे, आणि एवढं धूड घेऊन कोपऱ्यात उभं राहिलं तर सगळा हॉल वळून बघणार. म्हणून हलकी हवी, लहान हवी. दुपारी स्टुडिओत गिऱ्हाईक नसे तेव्हा काका फोनवर लेन्सची माहिती वाचत बसत. लांबचं जवळ आणणारी लेन्स हाताची थरथरही तितक्याच पटीनं मोठी करते, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. पण हल्ली काही लेन्समध्ये स्टॅबिलायझर असतो. हात हलला तरी आतली काच उलटी सरकून चित्र जागेवर धरते. काकांनी तेवढं वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. बुडणाऱ्याला काडी सापडली होती.

दुकान लेन्सवाल्याचं. तो काकांचा तरुणपणापासूनचा दोस्त, जुनी-नवी दोन्ही विकणारा. दुकान म्हणजे काचेचा एक लांब काउंटर आणि मागं छतापर्यंत खोकी.

"ये स्टँड. चहा सांगतो."

"नको. सोडलाय."

"तू? चहा सोडलास?"

"पित्त होतं," काका म्हणाले. दोन्ही हात पँटच्या खिशात होते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

काय हवंय ते ऐकून लेन्सवाल्यानं दोन लेन्स काउंटरवर ठेवल्या. एक फुलपात्राएवढी, हलकीफुलकी. दुसरी तिच्याहून बोटभर लांब, थोडी वजनदार, आणि तिच्यात स्टॅबिलायझर. किमतीत फरक होता, पण जीव जाईल इतका नव्हता, आणि काका दुसरीच्या तयारीनं आले होते. घरून निघतानाच ठरवून आले होते.

"ती दुसरी दाखव."

"ही? ही तुला कशाला?" लेन्सवाला हसला. "हिच्यात सगळे पैसे स्टॅबिलायझरचे आहेत. ज्यांचे हात लटपटतात त्यांच्यासाठी आहे ही." दुकानात दोन तरुण फोटोग्राफर फ्लॅश बघत होते. त्यांच्याकडे वळून तो म्हणाला, "या माणसाला बघून ठेवा. याचं नावच स्टँड. जनरेटर बंद पडलेल्या हॉलमध्ये नुसत्या मेणबत्तीवर यानं लग्न काढलंय. आणि हा माझ्याकडे स्टॅबिलायझर मागतोय. उद्या कुबड्या मागेल."

त्या दोघांनी काकांकडे आदरानं पाहिलं. हसले असते तर परवडलं असतं.

इथं एक थाप मारायची होती. जावयाला भेट द्यायचीय म्हणायचं, की मिटलं. जन्मभर घामाघूम झालेल्या नवऱ्यामुलांना "फार रुबाबदार दिसताय" म्हणून थापा मारणाऱ्या माणसाला ऐन गरजेच्या वेळी एक थाप सुचू नये? पण नाही सुचली. त्या दोन पोरांच्या डोळ्यांत जो स्टँड उभा होता, तो काकांना फार दिवसांनी भेटला होता. त्याला तिथं मारणं त्यांच्यानं होईना.

"सहज विचारलं रे," ते म्हणाले. "लहान दे."

लहान लेन्स त्यांनी तपासूनसुद्धा घेतली. कोपर काउंटरच्या काचेवर टेकवून समोरच्या औषधाच्या दुकानाच्या पाटीवर धरली. भर दुपारचं ऊन, हाताला आधार. पाटीवरचं अक्षर न अक्षर लखलखीत आलं. "बघ," लेन्सवाला म्हणाला, "हाताची जादू." काका पैसे देऊन बाहेर पडले.

ते बदलायला गेले नाहीत असं नाही. दुसऱ्या दिवशी गेले. दाराशी पोहोचले तेव्हा आत लेन्सवाला कुण्या गिऱ्हाइकाला तीच गोष्ट सांगत होता, स्टँडनं स्टॅबिलायझर मागितल्याची. काका पायरीवरूनच परतले. मग रोज संध्याकाळी गॅलरीत उभं राहून समोरच्या घराच्या दोरीवरचे चिमटे टिपत राहिले. ऊन असेपर्यंत चिमटे चिमट्यासारखे दिसत. ऊन उतरलं की एकेका चिमट्याचे दोन-दोन होत. हॉलमध्ये भरपूर दिवे असतील, असं काका स्वतःला बजावत. बायको आतून हाक मारी, "अहो, लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांचे कसले फोटो काढताय? कोणी बघितलं तर काय म्हणेल?"

लग्न नोंदणी पद्धतीनंच, पण हॉलमध्ये होतं. त्या दिवशी हॉलच्या दारावर काकांनी स्वतः लावलेली पाटी होती: 'कृपया मोबाईल खिशात ठेवावेत. फोटो घरचेच आहेत.' पाहुण्यांनी कौतुकानं वाचली आणि निमूटपणे मोबाईल खिशात ठेवले. सजावटवाल्यानं वातावरण छान वाटावं म्हणून मोठे दिवे बंद करून पिवळे मंद दिवे लावले होते. काकांनी ते पाहिलं. दिवे वाढवा म्हणायला गेले, तर विहीणबाई म्हणाल्या, "किती सुरेख दिसतंय, नाही का?" काका हो म्हणाले.

ते शेवटच्या रांगेमागं खांबाला टेकून उभे राहिले. मनगट खांबावर दाबून धरलं की थोडं जमत होतं. पण नोंदणी अधिकाऱ्यांसमोर सह्या झाल्या, अंगठ्या निघाल्या, आणि नेमकी तेव्हाच जावयाची पाठ मध्ये आली. खांबापाशी राहिलं तर लेक दिसेना. खांब सोडला तर हात अधांतरी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. काकांनी खांब सोडला.

अंगठी लेकीच्या बोटाच्या पेरावर अडकली. जावई ढकलतोय, अंगठी जाईना. सगळा हॉल हसला. लेकही हसली, हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मान उंच करून ती पाहुण्यांमध्ये कोणाला तरी शोधू लागली. काकांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. श्वास धरून, दात आवळून दाबत राहिले. अंगठी गेली, टाळ्या झाल्या.

त्यांनी खांबाआड जाऊन कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. लेकीला दोन चेहरे होते, एकावर एक सरकलेले. अंगठीच्या जागी उजेडाचा ओरखडा. मागचा फोटो तसाच. त्याच्या मागचा तसाच. दुपारपासूनचे सगळे त्यांनी पाहिले. खांबाला टेकून काढलेल्या रिकाम्या खुर्च्या तेवढ्या स्वच्छ आल्या होत्या. 'पुन्हा एकदा घाला हो अंगठी,' असं त्यांनी आजवर शेकडो जोडप्यांना सांगितलं होतं. पण पुन्हा एकदा घालून तरी काय होणार? हात हाच असणार होता. काकांना वाटलं, इथल्या इथं जमीन दुभंगावी.

"बघू, कशी चालतेय माझी लेन्स?" लेन्सवाला जेवणाची ताटली खुर्चीवर ठेवून जवळ आला आणि त्यानं हक्कानं कॅमेरा ओढून घेतला. एक फोटो पाहिला. दुसरा पाहिला. मग त्यानं मान वर केली. धरायला कॅमेरा नसल्यामुळे काकांचा उजवा हात पँटच्या शिवणीवर फडफडत होता.

तेवढ्यात काकांची बायको, व्याही आणि मागोमाग लेक-जावई फोटो बघायला आले.

"वहिनी," लेन्सवाला मोठ्यानं म्हणाला, "लेन्स खराब निघाली. माझाच माल. सगळे फोटो हलले. चूक माझी आहे."

व्याही म्हणाले, "तरी मी म्हणत होतो." त्यात वाईट हेतू नव्हता, पण ते बोलले खरे.

लेक मात्र लेन्सवाल्यावर पेटली. "काका, तुम्ही घरचे म्हणून बाबा तुमच्याकडे आले. असला माल दिलात? माझ्या लग्नाला?" आवाज चढला तसे आजूबाजूचे पाहुणे वळले. दुकानातल्या त्या दोन पोरांपैकी एक तिथं होता, तोही ऐकत होता. लेन्सवाला खाली मान घालून म्हणाला, "चुकलं माझं, बाळ." त्याचं सारं दुकान ओळखीवर आणि विश्वासावर चालत होतं. तेच तो भर हॉलमध्ये मोडून काकांच्या पायाशी ठेवत होता. काकांनी नुसतं गप्प राहायचं होतं. गप्प राहण्यात ते तरबेज झाले होते.

"लेन्स चांगली आहे," काका म्हणाले.

"गप्प बस स्टँड," लेन्सवाला पुटपुटला.

"लेन्स चांगली आहे. हात गेलाय माझा." आणि त्यांनी उजवा हात खांद्याच्या रेषेत पुढं केला, सगळ्यांसमोर. लपवायचं सोडल्यावर तो भलताच जोरात हलायला लागला.

बायको म्हणाली, "अहो." एवढंच म्हणाली.

"कधीपासून?" लेकीनं विचारलं.

"तुझं ठरायच्या आधीपासून."

"मग अंगठीचा फोटो?"

"नाही."

"एकही?"

"एकही नाही, बाळा."

लेक स्टेजकडे पाहत राहिली. तिथं आता रिकामं टेबल होतं, आणि नोंदणी अधिकारी केव्हाच निघून गेले होते.

"अंगठी अडकली तेव्हा मी तुम्हालाच शोधत होते," ती म्हणाली. "तुम्ही पुढं नव्हताच. कुठं होता?"

काकांनी खांबाकडे बोट केलं. बोट इतकं कापत होतं की नेमका कोणता खांब, ते तिला कळलं नाही.