उंदीरखाऊ बाईची न्याहारी

माइलेसी जेरे पहाटे उठायची, अंगण झाडायची, आंघोळ करून कडक इस्त्रीचा निळा गणवेश चढवायची आणि उभ्याउभ्याच चहा-बन उरकायची. चहा कसला, साखरेचा पाकच तो. मुलं राजधानीत, लुसाकाला नोकरीला लागलेली, नवरा कधीच गेलेला. एकट्या जिवासाठी चूल कोण पेटवणार? आणि मक्याची लापशी तर दात नसलेल्यांनी खायची, असं तिचं ठाम मत. न्डोला शहराच्या कडेला असलेल्या वस्तीतल्या दवाखान्यात पोरांची वजनं करायची आणि लशी टोचायच्या, हे तिचं काम. "लापशीत शेंगदाण्याचा कूट घाला, जमलं तर अंडं फेटून घाला," हे ती आयांना दिवसातून किती वेळा सांगायची याची गणती नव्हती.

दवाखाना उघडताना बाई इतकी गोड असायची की रडणारं पोर तिच्या कडेवर गप्प होई. नऊ वाजून गेले की मात्र हाताला बारीक कंप सुटायचा, समोरची रांग संपता संपत नाही असं वाटायचं आणि तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. त्यानंतर जिची पाळी येई तिचं काही खरं नसे. संध्याकाळी माइलेसीला वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण दोष उन्हाचा, गर्दीचा आणि आयांच्या निष्काळजीपणाचा, अशी तिची खात्री होती. माणसाला स्वतःचं पोट सोडून सगळ्या जगात कारणं सापडतात.

हळूहळू आया येईनाशा झाल्या. कोणी नदीपलीकडच्या दवाखान्यात जाई, कोणी कुठेच जात नसे. पोरांच्या लशी चुकू लागल्या. मोठ्या सिस्टरने माइलेसीला बोलावून विचारलं, तर ती म्हणाली, "आळशी झाल्यात, दुसरं काय!" खरं कारण सगळ्या दवाखान्याला ठाऊक होतं. पण वयाने मोठ्या बाईला तोंडावर कोण सांगणार? सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली होती.

सांगू शकेल असा एकच माणूस होता, औषधं देणारा चिलेशे. तो बेम्बा जमातीचा आणि ती न्गोनी जमातीची. दोघांच्या पणजोबांनी एकमेकांवर भाले चालवले होते, म्हणून पतवंडांनी एकमेकांना वाटेल ते बोलावं आणि रागावू मात्र नये, अशी तिकडची रीत. बेम्बांनी न्गोनींना उंदीर खाणारे म्हणायचं, न्गोनींनी बेम्बांना माकडं खाणारे. रागावला तो हरला.

एका मंगळवारी मापालो नावाचं पोर वजनाला आलं. काटा मागच्या वेळेपासून जागचा हलला नव्हता. त्याची आई जेमतेम विशीची; तिकडे आईला पोराच्या नावाने हाक मारतात, म्हणून ती बाना मापालो, मापालोची आई.

"सकाळी काय दिलंस याला?" माइलेसीने विचारलं.

"चहा... आणि बन."

"चहा-बन! पोर आहे की बसचा ड्रायव्हर? जमत नव्हतं तर आई झालीस कशाला? लाज वाटत नाही?"

बाना मापालोने मान खाली घातली. तेवढ्यात औषधांच्या खिडकीतून चिलेशेचं डोकं बाहेर आलं.

"ए उंदीरखाऊ, तू काय खाल्लंस ग सकाळी?"

"माकडखाऊ, तू आपल्या गोळ्या मोज!"

"उंदीर तरी खायचा होतास, तेवढंच मटण गेलं असतं पोटात. बायांनो, हिनेही चहा-बनच खाल्लाय! नऊनंतर हिच्या पोटात कावळे ओरडतात, आणि तेच मग तोंडातून बाहेर येऊन तुम्हाला टोचतात."

रांग खदखदून हसली. रीतच ती, माइलेसीलाही हसावं लागलं. बाना मापालो तेवढी हसली नाही. तिने पोराला पाठीशी बांधलं आणि लस न घेताच निघून गेली.

चिलेशेचं बोलणं वर्मी लागलं होतं. दुसऱ्या दिवशी माइलेसीने चूल पेटवली, मूठभर कूट घालून लापशी शिजवली आणि बसून खाल्ली. साखरेच्या पाकाची सवय मोडताना डोकं ठणकलं. तेव्हा तिने चिलेशेच्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला. मग हाताचा कंप थांबला. बाई काही देवमाणूस झाली नाही. थोडा खडूसपणा मूळचाच होता, तो लापशीने कसा जाणार? पण ओरडण्याआधी एक क्षण मिळू लागला आणि तेवढ्यात समोरच्या आईचा चेहरा दिसू लागला.

त्या चेहऱ्यांत बाना मापालो नव्हती. पुढचा मंगळवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. पोराची लस राहिलीच होती, आणि ती आपल्यामुळे राहिली हे माइलेसीला आता स्वच्छ दिसत होतं. एका शनिवारी गणवेश न घालता, रंगीत चितेंगेचं कापड कमरेला गुंडाळून आणि कुटाची पिशवी घेऊन ती सकाळीच निघाली. धास्तीने त्या दिवशी तिला स्वतःलाही घास गेला नव्हता.

बाना मापालोचं दार उघडं होतं. आत पोर रडत होतं.

"खा रे," आई म्हणत होती. "नाही खाल्लंस ना, तर सिस्टर जेरे येईल बघ!"

रडणं एकदम थांबलं.

माइलेसीला उंबऱ्याबाहेर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरांनी पोटभर खावं म्हणून तिने उभा जन्म घालवला होता, आणि पोरं खात होती ती तिच्या धाकाने. तिथूनच परत फिरावंसं तिला वाटलं. पण लस राहिली होती.

"ओडी, येऊ का आत?" ती म्हणाली.

बाना मापालोच्या हातातला चमचा तसाच राहिला. मापालोने दाराकडे पाहिलं आणि घाबरून घास घ्यायला तोंड मोठ्ठं उघडलं.

"मीट ते तोंड, राजा," माइलेसी जमिनीवर टेकत म्हणाली. "भूक नसेल तर नको खाऊ. बाना मापालो, मी चुकले ग. त्या दिवशी तुला तसं बोलायला नको होतं."

बाना मापालोने पोराला आपल्या पाठीमागे ओढलं.

"न्याहारी झालीय का तुमची?" तिने जपून विचारलं.

"नाही."

"मग आधी खाऊन घ्या, सिस्टर. बाकीचं मागून बोलू."

तिने ताटली भरून पुढे ठेवली. माइलेसी निमूट खाऊ लागली आणि मायलेक भिंतीला टेकून तिच्याकडे बघत राहिले. ताटली पुरती रिकामी झाल्यावरच बाना मापालोने पोराला उचललं आणि माइलेसीच्या मांडीवर दिलं.